मागच्याचा गॉगल

“घंटा? मी काय शेळी आहे?”

“शेळीची लहान असते. ही मोठी आहे.”

“म्हणजे म्हैस!”

“तुला काय समजायचं ते समज. हँडलला बांधायची, एवढंच. वाजत राहील, म्हणजे तू मागे आहेस हे मला कळत राहील.”

“अरे, बिनआवाजाची, बॅटरीवरची गाडी मी एवढ्या हौसेनं घेतली ती काय घंटा बडवत जंगलात फिरायला? सर्कस आहे का?”

“सर्कस नाही तर काय? परवा झुडपात कोलांटी कोणी मारली?”

“तू मारायला लावलीस म्हणून!”

भोंग्याचा आवाज चढला तसा त्याचा पायही हलला आणि तो “आई गं” म्हणून कळवळला. मी बर्फाचं फडकं पुन्हा त्याच्या घोट्यावर दाबलं. घोटा उशीसारखा टम्म फुगला होता. पाय शिलाईच्या स्टुलावर ठेवलेला, स्टुलावर मामीची जुनी ओढणी. समोर माझा मामा पितळी घंटा हातात घेऊन उभा. ती वाजू नये म्हणून त्यानं आतला लोलक दोन बोटांत धरून ठेवला होता. ज्याला आवाज हवा होता तोच आवाज दाबून उभा होता. मला हसू आलं, पण ती वेळ हसायची नव्हती.

मामाचं दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. शिलाई मशीनची दुरुस्ती. भिंतीलगत पोट उघडी टाकलेली मशीनं, खिडकीखाली टेबल, टेबलावर स्क्रू, सुया, बॉबिनच्या डब्या, आणि सगळ्यावर तेलाचा पातळ हात फिरलेला. मामा मशीन उघडून बघत नाही, आधी ऐकतो. बाई मशीन घेऊन आली की म्हणतो, “चालवा जरा.” मान तिरकी करतो, डोळे मिटतो आणि मग सांगतो, शटल घासतंय, किंवा दात झिजलेत. बरोबर येतंच असं नाही. कधी कधी साफ चुकतो आणि मग दिवसभर मशीनशी भांडतो.

पण आवाज बंद झाला की त्याचं काही खरं नाही. मामा रात्री झोपतो तोही याच खोलीत आणि इथला पंखा गेली कित्येक वर्षं टक टक करतो. मामी सांगून सांगून थकली. “अहो, अख्ख्या गावाची यंत्रं दुरुस्त करता, डोक्यावरचा पंखा तेवढा दिसत नाही?” मामा म्हणतो, “चालतोय ना? मग चालू दे.” एकदा मामीनं तो परस्पर दुरुस्त करून घेतला. त्या रात्री मामा चार वेळा उठून पाणी प्यायला आणि दुसऱ्या दिवशी शिडी लावून स्वतःच पात्याचा स्क्रू सैल करून आला. माझी आई, म्हणजे त्याची बहीण, सांगते की लहानपणी तो आजीच्या शिलाई मशीनच्या खालीच झोपायचा. वर पायडल हलत असलं की गाढ झोप. थांबलं की ताडकन उठून बसायचा, आई गेली कुठे म्हणून.

असा माणूस आठवडाभर एका स्टुलावर बसतो तरी कसा, असं लोक विचारतात. बसत नाही, हेच त्याचं उत्तर. गुडघा हलत असतो, टाच आपटत असते. मामी म्हणते, “हात मशीनवर आणि बूड गाडीवर.” रविवार उजाडला की हा डोंगरात. आधी गाव संपतं, मग डांबर संपतं, मग रस्ता संपतो आणि तिथून याचं सुरू होतं. गुरांची वाट, लाकूडतोड्यांची वाट, कोरडा ओढा, काहीही. चाकं उंच, टायर दाताळ, अंगावर कोपर आणि गुडघ्याला बांधलेली ती प्लॅस्टिकची कवचं. एखादी पायवाट झाडीत शिरताना दिसली आणि ती कुठे जाते हे माहीत नसलं की मामाला पुढे जेवण जात नाही.

आणि मागे भोंग्या. तो फरशी कापायच्या कारखान्यात कामाला. आठवडाभर कानाशी पातं किंचाळत असतं, त्यामुळे बोलतो तेही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं. पण नाव पडलं ते त्याच्या जुन्या गाडीवरून. दगडावर आपटून तिचा सायलेन्सर फुटला आणि यानं तो कधी बदललाच नाही. ती गाडी लांबून धडधडत यायची तेव्हा मामी चहाचं आधण ठेवायची.

दोघांचा नियम एकच. वाट फुटली की पुढच्यानं तिथे थांबायचं. मागचा डोळ्यांना दिसला की मगच पुढे निघायचं. आणि काहीही झालं तरी पुढच्यानं उलट फिरायचं नाही, कारण वाट एका गाडीपुरती असते आणि वळणावर समोरून कोण येतंय ते दिसत नाही.

परवा मामा उलट फिरला.

“मी थांबलो होतो,” मामा म्हणाला. “पडलेल्या झाडापाशी, जिथे वाट फुटते तिथे. इंजिन बंद केलं. कान देऊन उभा राहिलो. काही नाही. पान हललं तर ऐकू येईल असं. मला वाटलं दरीत गेलास.”

“किती वेळ थांबलास?”

“थांबलो होतो रे.”

“किती? हेल्मेट काढलं होतंस?”

मामानं घंटा टेबलावर ठेवली. ती वाजलीच शेवटी.

“नव्हतं ना काढलं!” भोंग्या माझ्याकडे वळला. “बघ गं, हा माणूस. हेल्मेट काढण्याइतका पण थांबला नाही. नियम कोणी केला? यानं. मला वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे, प्रत्येक फाट्यावर माझी वाट बघतो. हा वाट बघत नव्हता कधीच! माझी गाडी ऐकायचा आणि सटकायचा. फाट्यावर पोचलो की नुसती धूळ दिसायची.”

“पण चुकलास का कधी? हरवलास?”

“परवा थेट वरच गेलो असतो! वळणावर हा समोरून तोंडावर. मी गाडी झुडपात घातली म्हणून आज हा घंटेचा भाव करतोय.”

“तू एवढा मागे राहिलास कशाला पण? सरळ वाट होती.”

भोंग्या पहिल्यांदाच हळू बोलला. “थांबलो होतो.”

“कशाला? बिघडली?”

“हरीण होतं.”

“काय होतं?”

“हरीण. वाटेवर मधोमध. मी गाडी थांबवली तरी ते उभंच. आपली गाडी वाजतच नाही ना. ते एक कान इकडे फिरवतंय, एक कान तिकडे. श्वास घेताना पोट हलत होतं, तेसुद्धा दिसत होतं मला. मी हलणार कसा?” त्यानं बर्फाच्या फडक्याकडे पाहिलं. “मग तुझी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ते गेलं.”

मामा आपल्या स्टुलावर बसला. त्यानं टेबलावरच्या मशीनचं चाक हातानं फिरवलं. सुई खाली, सुई वर. “आपण गाडी चालवायला जातो,” तो म्हणाला. “प्राणी बघायला नाही.”

“तू जातोस. मी इतकी वर्षं जंगलात जातोय आणि जंगल नाही पाहिलं. तुझं मागचं चाक पाहिलंय. त्या चाकाला किती दात आहेत ते झोपेत सांगेन!”

“मग घंटा बांध आणि बघ काय बघायचं ते.”

“घंटा बांधली तर हरीण काय टाळ्या वाजवत येईल?”

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यामध्ये एक पडदाच आहे, त्यामुळे तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. तिनं भोंग्याला कप दिला, मला दिला, मामाचा कप मशीनशेजारी ठेवला आणि घंटा उचलून बाजूला सारली.

“एवढं काय अवघड आहे त्यात?” ती म्हणाली. “भाऊजींना पुढे जाऊ द्या. तुमची गाडी वाजते, त्यांना कळेल तुम्ही मागे आहात. त्यांची वाजत नाही, पण ते समोर दिसतील तुम्हाला. संपलं!”

पंखा टक टक करत होता.

हे इतकं सोपं होतं की ते भोंग्याला सुचलं नसेल असं मला वाटेना. मी त्याच्याकडे पाहिलं. तो कपात बघत होता. सुचलं होतं तर. आल्यापासून तो तेच घेऊन बसला होता आणि घंटेच्या आडोशाला थांबला होता.

“त्याला वाटा सापडत नाहीत,” मामा म्हणाला.

“सापडलेल्या आहेत की ढीगभर,” मामी म्हणाली.

“हळू जातो तो.”

“हळू नाही, धुळीत जातो!” भोंग्या उसळला. “तुझ्या धुळीत! पुढून गेलो तर बघ.”

“आणि मी काय करू मागे? तू हरणं बघत उभा राहणार, मी तुझ्या पाठीला नाक लावून उभा राहणार? मला नाही जमत थांबायला. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणून तर एवढी वर्षं मागे राहिलो ना, वाजत वाजत!” कप खाली ठेवताना चहा सांडला. “तुला मी मागे आहे हे कळायला आवाज लागतो. जरा शांत झालं की तुला वाटतं, मेला. अरे, आहे मी मागे! नुसतं धरून चालता येत नाही का तुला? फाट्यावर उभा राहा, हेल्मेट काढ, माणूस येतोय असं समज. येईल. आजपर्यंत आलो नाही असं झालंय का?”

मामानं मशीनचं चाक उलटं फिरवलं. मशीन कधी उलटं फिरवू नये, दोरा गुंततो, हे तोच सगळ्यांना बजावून सांगतो. दोरा गुंतला. तो उगीचच सोडवायला लागला.

“ऐक,” भोंग्या म्हणाला. “पाय बरा झाला की मी जाणार. वरच्या वाटेनं, पडलेल्या झाडावरून पलीकडे. मी पुढे, तू मागे. ते नसेल पटत तर मी एकटा जाईन. घंटा नाही बांधणार आणि तुझ्या मागे पण नाही येणार आता.”

“एकटा? त्या वाटेवर? वेडा झालास?”

“मग ये मागून.”

“भाऊजी, एकटं नका जाऊ हं,” मामी म्हणाली, पण बघत होती मामाकडे.

मामा उठला, खिडकीपाशी गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. खुंटीवर त्याचा गॉगल लटकला होता. तो उगाच काढून त्यानं शर्टाला पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. वर्षानुवर्षं डोंगर चढून आलेली ती काच परवा दुकानातून आणल्यासारखी दिसत होती.

भोंग्यालाही ते दिसलं असावं. तो मला म्हणाला, “माझ्या थैलीतून माझा काढ गं जरा.”

मी काढला. तशीच बनावट, तसाच पट्टा. पण काच पांढरट झाली होती. चरे, टोचे, एका कोपऱ्याला खडा लागून तारेसारखी फुटलेली चीर. मी तो भोंग्याला दिला, भोंग्यानं तसाच मामापुढे धरला.

“घाल.”

“कशाला?”

“घाल तर. मागच्याचा आहे. बसतो का बघ.”

मामानं घेतला. आधी लांब धरून उजेडाकडे पाहिलं, मग डोळ्यांवर चढवला आणि पट्टा मागे ओढला. पंख्याकडे पाहिलं. मामीकडे पाहिलं. मग भोंग्याकडे वळला आणि मान जरा पुढे काढली. मशीन ऐकताना करतो तशीच तिरकी, पण या वेळी त्याला बघायचं होतं.

“दिसतोय मी?” भोंग्यानं विचारलं.

मामाचा गुडघा हलायचा थांबला होता.

“हे सगळे चरे तुझ्या चाकानं उडवलेल्या खड्यांचे,” भोंग्या म्हणाला, पण आता आवाजात भांडण नव्हतं. “असू दे. मी काही मोजत नाही बसलेलो. फक्त सांग. मी पुढे. हो की नाही?”

चहावर साय धरत होती. घंटा मामीच्या हाताखाली गप्प होती.

मामा वळला. त्याचं स्वतःचं स्टूल पायाला अडकून आडवं झालं, ते त्यानं उचललं नाही. घंटा तिथेच सोडून, मागच्याचा गॉगल तसाच डोळ्यांवर ठेवून तो दाराकडे निघाला, खांदा चौकटीला घासला, पायरी पायानं चाचपली आणि परवापासून भोंग्याची ती मुकी गाडी उभी होती तिकडे बाहेर गेला.