कापड पिवळं पडलं नाही

मास्तरांचं घरात कोणाशीच पटत नव्हतं. पन्नास वर्षं शिलाई मशीन चालवलेला माणूस. समोरच्याचं माप एका नजरेत घ्यायचे आणि त्याच नजरेत त्याला निकालातही काढायचे. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मास्तर बाहेर येऊन म्हणाले, "स्वतःची कॉलर सरळ बसत नाही, आणि हा मला सरळ करणार!"

सून दवाखान्यात नर्स. दोघांचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. मास्तर तिला सिस्टरबाई म्हणत, तेही भिंतीकडे तोंड करून. ती ड्यूटीवरून आली की म्हणायची, "बाबा, तळपाय दाखवा."

"पाय माझे आहेत. तुझा दवाखाना तिकडेच ठेव."

हिला पुढच्या खोलीतलं मशीन अडगळीत टाकायचंय आणि पाय हे नुसतं निमित्त आहे, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मशीन गेलं तर या घरात आपण फक्त जेवायला उरलो, ही भीती त्यांना आतून खात होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. शिव्या मात्र सगळ्यांना दिल्या.

पाय गार पडायचे, डावा जास्तच. पायडलवर ठेवला तरी तो आहे की नाही ते खाली वाकून बघावं लागे. मास्तरांनी स्वतःच इलाज काढला. गरम इस्त्री उलटी ठेवायची, वर चार पदरी कापड, त्यावर तळपाय. नाजूक कापडावर फिरवायच्या आधी मास्तर इस्त्री चिंधीवर लावून बघत. चिंधी पिवळी पडली नाही तर इस्त्री बेताची. पायालाही त्यांनी तोच हिशेब लावला. कापड पिवळं पडत नव्हतं. पाय दुखतही नव्हता. आठवडाभर मास्तर खुशीत होते.

रविवारी सुनेला फरशीवर एका पायाचे ओलसर ठसे दिसले, मशीनपासून थेट मोरीपर्यंत. तिने काही न विचारता मास्तरांचा घोटा धरला.

"सोड! हात कोणाला लावतेस?"

"ओरडा हवं तेवढं." तिने पाय वर उचलला. फोड फुटून तळव्याची साल लोंबत होती आणि कडा काळी पडली होती. तिचाही पारा चढला. "इस्त्री लावलीत? पायाला? मेली अक्कल गहाण टाकलीत का?"

"कापडाला डाग नाही. मला काही होत नाहीये. तूच पराचा कावळा करतेस."

"होत नाहीये ना? मग डोळे मिटा. पेनाचं टोक लागलं की 'हो' म्हणा."

तिला एकदाचं तोंडावर पाडायचं म्हणून मास्तरांनी डोळे मिटले. वाट बघितली. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला तसे ते वैतागले.

"कसली थट्टा चालवलीयस? लाव ना एकदाचं!"

"नऊ वेळा लावलं," सून म्हणाली.

मास्तरांनी डोळे उघडले. पेनाचं टोक अजून अंगठ्याखाली रुतलेलं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच, भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पाय राहील का गं?"

"हे तुम्ही मला आठवड्यापूर्वी विचारायला हवं होतं," ती म्हणाली आणि रिक्षा बघायला बाहेर पडली.