कुशाबाचे नवे टायर

लेकीसाठी नवरा पाहायला कुशाबाला एक दुपार पुरली होती. पिकअपचे टायर पाहायला तीन दिवस लागले.

तिन्ही दिवस तो आपल्या कापडे गावाहून महाडला गेला आणि हायवेलगतच्या धम्मपालच्या दुकानात एकेका टायरापुढे उकिडवा बसला. नक्षीत बोट घालायचा, अंगठ्याने रबर दाबायचा, म्हैस घेताना दात पाहावेत तशा खाचा पाहायचा. एकदा तर त्याने टायराचा वासही घेतला.

"चव बी घेऊन बघा की," धम्मपाल म्हणाला.

धम्मपाल हा दुकानदार म्हणून वाया गेलेला, म्हणजे सरळ माणूस होता. त्याने विचारलं, "गाडी जास्त चालते कुठं?"

"पोलादपूर, महाड. कधी कशेडीपलीकडं खेडला."

"म्हणजे डांबरावरच. मग हे साधे घ्या. ते डोंगरी नक्षीचे डांबरावर भुंग्यावानी घुमतात, डिझेल जास्त खातात."

"वरच्या वाडीचा चढ हाय ना."

"केवढा?"

"पाऊण किलोमीटर."

"पाऊण किलोमीटरसाठी हे टायर? ढकलायला माणसं नायत काय वाडीत?"

"हायत की." कुशाबाने टायरावरची नसलेली धूळ पुसली. "पन एकाचा गुडघा धरलाय."

तो एक म्हणजे वरच्या वाडीत राहणारा त्याचा थोरला भाऊ येसाजी. आणि येसाजी पाच वर्षं कुशाबाशी बोलत नव्हता.

भांडण जमिनीचं नव्हतं, बांधाचं नव्हतं. पूजाच्या, म्हणजे कुशाबाच्या लेकीच्या लग्नाला कुशाबाने वरच्या वाडीत घरोघर जाऊन अक्षता दिल्या. फक्त भावाच्या उंबऱ्याशी तो गेला नाही. त्याचं म्हणणं, दादा घरचा माणूस. घरच्याला कसलं आमंत्रण? उद्या मी आरशासमोर उभा राहून स्वतःला अक्षता देऊ काय? येसाजीचं म्हणणं, सगळ्या वाडीला अक्षता आणि मला नाय. तो लग्नाला आला नाही. दोघेही आपापल्या जागी इतके बरोबर होते की एकालाही जागचं हलता येईना.

पण पावसाळ्यात त्यांना तो चढ हलवायचा. कुशाबाचं घर खाली डांबरी रस्त्याला. तिथून रेशन, खताच्या गोण्या, सिलिंडर घेऊन पिकअप वर निघाली की फणसाच्या वळणावर तांबड्या चिखलात ती हमखास बसायची. कुशाबा हॉर्न वाजवायचा आणि सगळी वाडी धावून यायची. त्यात येसाजीही असायचा, हातात मोठा धोंडा घेऊन. गाडी मागे घसरू नये म्हणून चाकामागे धोंडा लावायचं काम त्याने कधी दुसऱ्याला दिलं नाही. मग तो मागच्या डाव्या कोपऱ्याला खांदा द्यायचा आणि बोलायचा. अर्थात गाडीशी.

"अगो, काढ जरा दम. मालकाला अक्कल नाय, त्यात तुझा काय दोष?"

कुशाबाही स्टिअरिंगला सांगायचा, "त्यांना म्हणावं, चाकासमोर उभं ऱ्हाऊ नका. चिखल उडंल."

"त्याला म्हणावं, मी तुझ्याआधी चिखल बघितलाय."

पाच पावसाळे हे असं चाललं. गाडीच्या मार्फत आईच्या वर्षश्राद्धाचा दिवस ठरला, येसाजीच्या मंगेशला मुंबईत नोकरी लागल्याचं कळलं, पूजाला मुलगी झाल्याचंही कळलं. ते ऐकून येसाजीने गाडीच्या पत्र्यावर दोनदा थापटलं होतं. थाप पत्र्यावर पडली, पण कुशाबा दिवसभर पाठीवर पडल्यासारखा हिंडला.

यंदा आषाढात ढकलता ढकलता येसाजी थांबला आणि धापा टाकत गाडीला म्हणाला, "सांग त्याला, गुडघा आता ऐकत नाय." दुसऱ्याच दिवशी कुशाबा धम्मपालच्या दुकानात होता.

डोंगरी नक्षीचे चारही टायर बसवून तो वर निघाला. सवयीने हॉर्न वाजला, वाडी जमली. येसाजीने गुडघ्याला फडकं बांधलं होतं, बाह्या सारल्या होत्या, धोंडा हातात होता. आणि पिकअप फणसाच्या वळणावरून सरळ वर चढून गेली. ना घसरली, ना थांबली.

"बरं झालं बया," वाडीतली सुंदराबाई म्हणाली, "आमची कंबर सुटली."

दादाचा खुललेला चेहरा पाहायचा म्हणून कुशाबाने आरशात बघितलं. येसाजीने धोंडा वाटेच्या कडेला ठेवला. एकेक बाही सावकाश खाली केली. आणि तो घरी गेला.

पुढच्या तीन खेपांना तो दिसला नाही. चौथ्या खेपेला कुशाबाने आयुष्यात पहिल्यांदा नाटक केलं. वळणावर त्याने गाडी मुद्दाम बंद केली आणि दणकून हॉर्न वाजवला. येसाजीची बायको, आवडीवैनी तेवढी आली. तिने चाकांकडे पाहिलं, मग दिराकडे.

"काय झालं, भावजी?"

"डिझेल चढत नाय बघा वैनी. दादा कुठं हाय?"

"ओटीवर. म्हनलं हॉर्न वाजतोय, तर म्हनतात, त्याला आता कुनाचा खांदा नको झालाय."

हीच सांगायची वेळ होती. पण धाकट्याने चूक केली तर बोलणं सोपं. धाकट्याने मायेने काही केलं तर ते कोणत्या तोंडाने सांगायचं, हे कुशाबाला कुणी शिकवलं नव्हतं. "गाडी चालू व्हईल आता," एवढंच तो म्हणाला. आणि ती झालीच, मेली.

गणपती झाले आणि मंगेशने आईबापांना मुंबईला बोलावलं. गुडघा दाखवायचा, आणि मग तिथंच राहायचं. मंगेशने पाठवलेली भाड्याची मोटार चिखलाला भिऊन खाली डांबरावरच थांबली. कुशाबा सकाळीच वर जाऊन पिकअप भावाच्या अंगणाशी लावून बसला. दार पुसलेलं, सीटवर गोधडीची घडी. शेजारी तुळजाबाई, त्याची बायको.

येसाजी काठी टेकत बाहेर आला, पिकअपला वळसा घालून चालू लागला. मागून आवडीवैनी पिशवी घेऊन.

कुशाबाने पहिला गिअर टाकला. पुढे थोरला लंगडत, मागे दहा हातांवर धाकटा, गाडी माणसाच्या चालीने. ओलांडायची हिंमत नाही, हॉर्न वाजवायची त्याहून नाही. पाऊण किलोमीटर उतार होता आणि सांगायचं वाक्य एकच. ते त्याने फणसापाशी जुळवलं, ओढ्यापाशी दुरुस्त केलं, देवळापाशी पुन्हा पहिल्यासारखं केलं. तेवढ्यात डांबर आलं.

येसाजी मोटारीत बसला. गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घ्यावा लागला त्याला. आवडीवैनीने हात हलवला, आणि मोटार महाडच्या दिशेने गेली.

तेव्हा कुशाबा समोरच्या काचेकडे बघत स्पष्ट, एका दमात बोलला, "दादा, टायर तुझ्या गुडघ्यासाठी घेतले रे."

तुळजाबाईने पदराने तोंड पुसलं. "मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मला ठाऊक हाय."