चौकट नव्हे, वर्गमूळ

कोणाविषयी लिहायची माझी पात्रता नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय त्या शैलाताईंनी या पानावर निदान दहा लाल गोल केले असते. चुकलं तर माफ करा.

कर्जतच्या बाजारात ताईंचं टायपिंगचं दुकान होतं. कळंबजवळच्या आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका तिथेच तयार व्हायच्या. मी पहिल्यांदा गेलो तो मोबाइलवर टाइप केलेला गणिताचा प्रकल्प घेऊन. ताईंनी कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि नाक मुरडलं, जणू मी त्यात सुकट बांधून आणली होती.

"शी. हे काय हाय?"

"गुणिले."

"हा इंग्रजीतला एक्स हाय. गुणिलेचं चिन्ह वेगळं."

"दिसतं सारखंच ना, ताई."

"आमचे हे मोहोपाड्याच्या कारखान्यातनं फरशी धुवायला अ‍ॅसिडची बाटली आणायचे. पाण्यासारखीच दिसायची. पिशील का रं?"

कॉम्प्युटरला आकार कळत नाही, नंबर कळतो, असं त्या सांगायच्या. प्रत्येक चिन्हाचा नंबर ठरलेला. वजाचा २२१२, वर्गमुळाचा २२१ए. त्यांना सगळे पाठ. कोणी वजाच्या जागी साधा डॅश मारला, की ओळीच्या टोकाला 'वजा पाच'मधला डॅश वरच्या ओळीत राहायचा आणि पाच खालच्या ओळीत यायचा. "मुंडकं वर, धड खाली," म्हणत त्या तो कागद परत टाकायच्या. स्वतः दहावीला गणितातच नापास झाल्या होत्या. ते त्या लपवत नसत.

मी नववीत असताना चाचणीचा पहिला प्रश्न होता ४९ चं वर्गमूळ. शाळेच्या क्लार्कनी ताईंच्या फाइलला आपल्या आवडीचा जाडजूड फाँट लावला आणि न वाचता पेपर छापला. वर्गमुळाच्या जागी रिकामी चौकट आली. आम्हाला चौकटी पूर्ण करायची सवय. पुस्तकात पानोपानी त्याच. मी चौकटीत १ लिहिला. उत्तर दिलं, १४९. निम्म्या वर्गाने तेच केलं.

"टायपिंगवालीची चूक," क्लार्क म्हणाले. "दहावी नापासाकडून आणखी काय होणार?" हे बाजारभर झालं.

ताई शाळेत आल्या. व्हरांड्यात मी दिसलो, मला सोबत आत नेलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यांनी तीच फाइल उघडली, चौकट निवडली, फाँट बदलला. चौकटीच्या जागी वर्गमूळ उभं राहिलं.

"बगा. आत मूळच हाय, नंबर बी बरोबर हाय. तुमच्या फाँटाकडं त्याचं चित्रच नाय. फळ्यावर एक ओळ लिवा, चूक टायपिंगची नाय. बाकी काय नको मला."

क्लार्कनी तंबाखूची बोटं त्याच प्रश्नपत्रिकेला पुसली. "बाई, प्रिंट निघाली ना? झालं मग. चहा घ्या."

ताईंनी कप बाजूला सरकवला. "तू सांग रं. पेपरात तुला काय दिसलं?"

मी खाली बघितलं. तोंडी परीक्षेचे गुण त्याच ऑफिसातून पुढे जायचे. ताईंनी त्या पहिल्या दिवशी माझ्या कागदाकडे बघितलं होतं, तसंच माझ्याकडे बघितलं. त्या क्लार्कची मला शिसारी येते. पण त्याआधी माझी येते.

फळ्यावर ती ओळ कधी आली नाही. शाळेचं काम गेलं, पाठोपाठ दुकान. ताई मोहोपाड्याला राहायला गेल्या. माफी मागायला जाऊ, जाऊ म्हणत मी अजून गेलेलो नाही.

परवा चुलतभावाने शाळेच्या नव्या सराव प्रश्नसंचाचे फोटो पाठवले. एक प्रश्न त्याला समजत नव्हता. ताईंचीच जुनी फाइल, तोच जाड फाँट. ४९ च्या आधी तीच चौकट. आता वर सूचनाही छापलीय, 'चौकट पूर्ण करा'. शेवटच्या पानावर उत्तर आहे: १४९. त्याखाली बारीक अक्षरात 'अक्षरजुळणी', आणि ताईंचं नाव.