ज्योत्स्नामावशीची पट्टी

औंढ्याच्या ज्योत्स्नामावशीचं सगळं आयुष्य पट्टीत गेलं म्हणा ना! लग्न होऊन आली तेव्हा लोणावळ्यात चिक्कीच्या कामाला होती. चिक्की लाटली की गरम असतानाच पट्टी लावून सरळ वड्या कापायच्या. पुढं दवाखान्यात लागली, तिथं जखमांच्या पट्ट्या. गावात घरपट्टी वाढली तेव्हा ग्रामपंचायतीत पहिला आवाज हिचाच. आणि संध्याकाळी विहारात बायकांच्या गायनमंडळात पेटीवाला सुहास विचारणार, "पट्टी कुठली?"

त्याचं उत्तर मात्र मावशीनं कधी दिलं नाही. ते येसूबाईंनी द्यायचं. मंडळाची रीतच तशी. जी पुढं बसून गाते तिची पट्टी, बाकीच्यांनी तिला धरून गायचं. येसूबाईंची काळी चार, बायकांची उंच पट्टी. काय आवाज होता बाईचा! मावशीला गाणं त्यांनीच शिकवलं.

गेल्या वर्षी येसूबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज वाचला, पण खाली बसला, घोगरा झाला. त्यांनी विहारात येणंच सोडलं. बुद्धपौर्णिमा जवळ आली तसं मंडळ मावशीच्या मागं लागलं, "आता तुमीच पुढं बसा."

"येसूआत्या हायेत की अजून!"

"त्या न्हाई म्हनत्यात," मंडळातली पायल म्हणाली. "वडत आनू का त्यांना?"

मावशी भडकलीच. दवाखान्यात जखमेला चिकटलेली पट्टी तिनं उभ्या जन्मात ओढली नव्हती. पाणी सोडायचं, ती भिजेपर्यंत गप बसायचं, मग कुणी कितीही घाई करो. "कुनाला वडायचं न्हाई," ती म्हणाली. "उद्यापास्नं तालीम आत्यांच्या पडवीत. अन् सुहास, काळी एक धर."

"मावशी, ती माझी, पुरुषाची खालची पट्टी! बायकांचे आवाज पोटात जातील."

"जाऊ दे."

आणि गेलेच! काय ती तालीम, कुत्रीसुद्धा उठून गेली. येसूबाई आत तांदूळ निवडत बसलेल्या. त्यांना कुणी हाक मारली नाही. पुढची जागा तेवढी रिकामी ठेवायची, गायचं आणि निघायचं. असे बरेच दिवस गेले. शेवटी एकदा येसूबाई सूप घेऊनच बाहेर आल्या.

"अगं, गानं हाय का रडगानं? चाल तरी नीट म्हना!" आणि चाल दाखवायला म्हणून त्यांनी ओळ उचलली. घोगराच आवाज, पण काळी एकमध्ये तो असा चपखल बसला की सुहासची बोटं थबकली. येसूबाईंच्याही ते ध्यानात आलं. सूप बाजूला ठेवून त्या रिकाम्या जागेवर बसल्या.

पौर्णिमेला विहार भरला होता. सुहासनं सवयीनं काळी चारच धरली. मेल्याला नेमकं तेव्हाच विसरायचं होतं! येसूबाईंचा चेहरा पडला, त्या उठायला लागल्या. मावशीनं सरळ पेटीच्या भात्यावर हात ठेवला. पेटी गप्प झाली. मग मागच्या सगळ्या बायकांनी पेटीवाचूनच खालच्या पट्टीत सुरुवात केली, जशी पडवीत करत होत्या तशी. येसूबाई हळूहळू खाली बसल्या. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज पुढं गेला आणि शेवटपर्यंत पुढंच राहिला. मावशीच्या डोळ्यांना धार लागली होती.

कार्यक्रम संपल्यावर येसूबाईंनी तिचा हात धरला. "जोसना, येवढं खालचं तुला लागत न्हाई, मला ठावं हाय. नुसते व्हट हलवत हुतीस."

"व्हय," मावशी म्हणाली. "इतक्या वर्सांत तुमचं गानं ऐकायला कंदी सवड मिळालीच न्हवती, आत्या."