माझ्या घोड्याला शिंगं फुटली

आमच्या घरात माणसांपेक्षा घोडे जास्त आहेत, आणि त्यातला एकही घोडा आहे हे घरातल्या माणसांना मान्य नाही.

खरे घोडे नाहीत हो! नागपूरच्या नंदनवन भागात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने खरे घोडे पाळले तर खालचे भाडेकरू आधी पळतील. माझे घोडे वीतभर ते हातभर उंचीचे, हाताने घडवलेले. मातीचे, लाकडाचे, कापडाचे, एक पितळी (तो दिवाळीला घासून निघतो, म्हणून तेवढा एक बायकोच्या मर्जीतला). जत्रेत दिसला, प्रदर्शनात दिसला, कुणी परगावी निघालं, की माझं एकच मागणं: घोडा आणा. पण आणलेला घोडा मी तसाच ठेवत नाही. खरा शौकीन घोड्याला आपल्या हाताने नवं रूप देतो. म्हणजे उभ्या घोड्याचा पाय करवतीने कापायचा, नळ गळला की लावतात ती पुट्टी लावून तो उचललेल्या पोझमध्ये चिकटवायचा, मान वळवायची, रंग खरवडून नवा द्यायचा, दोऱ्याची आयाळ लावायची.

"चांगल्या घोड्याले लंगडा करता अन् मंग त्याचा इलाज करत बसता," मंदा म्हणते. मंदा म्हणजे माझी बायको. "त्यापेक्षा पाय कापूच नका ना!"

यावर मी तिला कलेतलं काही कळत नाही असं म्हणतो.

कलेतलं कळणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे, फोनवर. देशभरातले घोडेवेडे त्यात आहेत आणि वर्षातून एकदा ते फोटोंचं प्रदर्शन भरवतात. आपण फक्त फोटो टाकायचा, खाली एक अक्षर लिहायचं नाही. बाकीचे मत देतात. पहिल्या वर्षी मी टाकलेल्या घोड्याखाली एका बाईंनी लिहिलं, "कुत्रा खूप गोड आहे." दुसऱ्या वर्षी एका गृहस्थांनी लिहिलं, "गाढवाच्या चेहऱ्यावरचे भाव सुंदर पकडलेत." मी खचलो नाही. कुत्र्यापासून गाढवापर्यंत आलो होतो, दिशा बरोबर होती!

या वर्षी मात्र मी जिद्दीला पेटलो. दुसऱ्याचा घोडा सुधारायचा नाही, सागवानाच्या ठोकळ्यातून स्वतः कोरायचा. त्याचं नाव तुफान. दुडक्या चालीतला, पुढचा उजवा पाय उचललेला. तो पाय कोरताना दोनदा तुटला, माझा अंगठा एकदा. माझी इच्छा एवढीच होती, की ग्रुपवरच्या एका तरी माणसाने, न सांगता, आपल्या मनाने 'घोडा' म्हणावं. बक्षीस नको, कौतुक नको. फक्त घोडा म्हणा!

फोटो टाकायची शेवटची संध्याकाळ नेमकी तान्ह्या पोळ्याची निघाली. आमच्याकडे खऱ्या बैलांचा पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी पोरांचा असतो. लाकडी बैलांना चाकं लावायची, झूल घालायची आणि दोरीने ओढत मैदानात आणायचे. त्याच दिवशी शहरात मारबत, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. आणि त्याच दिवशी मला आठवलं, की तुफानच्या आयाळीचा काळा रेशमी दोरा आणायचा राहिला!

जन्मापासून नागपुरात राहून मारबतीच्या दिवशी मी दोरा घ्यायला गांधीबागेच्या बाजारात गेलो, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा. दुकानं बंद, रस्ता माणसांनी गच्च, गाडी एका गल्लीत लावली ती मला परत सापडेना. घामाने निथळत घरी आलो तो दोरा नाहीच. म्हटलं, चला, मंदाच्या शिवणाच्या डब्यातला वापरू.

खोलीत गेलो. टेबलावर तुफान नव्हता.

"मंदाऽ! टेबलावरचा कुठं गेला?"

"मैदानात," मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "ओवी घेऊन गेली."

ओवी आमची नात, मुलीची मुलगी. जावई खापरखेड्याला वीज केंद्रात, तिथंच कॉलनीत राहतात. ओवी सणासाठी सकाळीच आमच्याकडे आली होती. आली ती दारातूनच रडत, कारण तिचा लाकडी बैल खापरखेड्यालाच राहिला होता. हे सगळं मी गांधीबागेत गाडी शोधत असताना घडलं.

"मैदानात काहून नेला तो?"

मंदा बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे कौतुकाने पाहत होती!

"असे कसे वं तुमी," ती म्हणाली. "मले एका शब्दानं नाई सांगतलं! पोट्टी रडून राहिली होती, अन् मी खोलीत जाऊन पायते तं काय, टेबलावर बैल! मनात म्हटलं, पाह्य, दिवसरात्र घोडे-घोडे करते, पण नातीसाठी गुपचूप बैल करून ठेवला बाप्पा या माणसानं." (मला ती 'वं' कधीच म्हणत नाही, तो बायकांसाठीचा शब्द. त्या दिवशी मायेच्या भरात म्हणाली.) तिचे डोळे चक्क पाणावले होते.



"फक्त शिंगं राहिली होती तुमची," मंदा पुढे म्हणाली. "ती मी केली. तुमचीच पुट्टी घेतली."

"शिंगं?"

"अन् वशिंडही राहिलं होतं. रुमालाची गुंडाळी केली, झुलीखाली बांधली. शेपटीला गोंडा लावला. अन् एक पाय वरच राहिला होता न त्याचा! बैल कधी पाय वर करून उभा राहते काय? खाली पुट्टी लावून टेकवला. खाली भाजीच्या ट्रॉलीची चाकं लावली. आता मस्त पळते!"

दोनदा तुटून तिसऱ्यांदा जमलेला पाय मंदाने पुट्टीचा गोळा लावून जमिनीवर आणला होता. मी खुर्चीवर बसलो. मला वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं. पण पोळ्याच्या दिवसात नागपूरच्या घरात चार पायांची लाकडी वस्तू उघडीबोडकी उभी ठेवल्यावर तिला बैल सोडून दुसरं काय समजणार? चूक मंदाची नव्हती. आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तिच्यासमोर 'तो घोडा आहे' म्हणायची माझी छाती झाली नाही.

तरी आशा सुटत नव्हती. अजून उजेड होता. मैदानात जायचं, शिंगं उपटायची, झूल काढायची, एका बाजूने फोटो घ्यायचा, शिंगं परत चिकटवायची. पाच मिनिटांचं काम! मी लाकूड कोरायची पटाशी खिशात घातली आणि निघालो.

आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मैदानात तोरण बांधलं होतं. त्याखाली पोरांची रांग, प्रत्येकाचा बैल पुढे. बोरकर भाऊ माइकवर होते. हे आमचे शेजारी. लेआउटमध्ये बारसं असो की बोअरवेल, माइक त्यांच्याच हातात असतो. मला पाहताच ते गरजले, "या, या! मंडळी, नातीसाठी सोताच्या हातानं बैल घडवणारे आजोबा आले!"

टाळ्या झाल्या. मी हळूच त्यांच्या कानाशी गेलो. "भाऊ, तो घोडा आहे."

"कोनता?"

"ओवीचा. मुळात घोडा आहे तो."

बोरकर भाऊंनी तुफानकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग माइकवर हात ठेवला. "बैलाले घोडा काहून म्हणून राहिले भाऊ? उनात फिरून आले काय? बसा, पाणी प्या." आणि खरोखरच कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

मी तो ग्लास घेऊन ओवीजवळ गेलो. ती लुगडं नेसून, कपाळाला भलं मोठं कुंकू लावून, दोरी मुठीत धरून उभी होती. तुफान झुलीत, घुंगरांत, बाशिंगात उभा होता. आणि शिंगं! डौलदार, दोन्ही सारखी, टोकं किंचित आत वळलेली. मंदाने आयुष्यात पहिल्यांदा पुट्टी हातात घेतली होती, आणि मला इतक्या वर्षांत एक कानसुद्धा तसा साधला नव्हता!

"ओवी, दोन मिनिटं शिंगं काढू का गं? परत लावून देतो."

"काहून?"

"शिंगं काढली की तो घोडा होतो."

ओवीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. पोरगी खरी विचार करून बोलणारी. "नाई आबा," ती शेवटी म्हणाली. "शिंगं काढली की मुंडा बैल होते."

मी तिचं लक्ष नाही असं पाहून एका शिंगाला हळूच हिसका दिला. शिंग ढिम्म हललं नाही. नळाच्या पुट्टीचं हे असं असतं, नळाला लावली की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गळतो, आणि इथं दगड झाली होती! मी पटाशी काढणार, तेवढ्यात ओवीने मान वळवली. दोरी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि तिचा खालचा ओठ पुढे आला.

मी पटाशी खिशातच ठेवली. फोनही खिशातच राहू दिला. म्हटलं, जाऊ दे. एक वर्ष गेलं तर गेलं. कुत्रा झाला, गाढव झालं, आता बैल झाला, पुढच्या वर्षी बघू.

परीक्षक आले. ढोरांचे निवृत्त डॉक्टर, वानखडे साहेब. साऱ्या हयातीत जनावरं तपासलेला माणूस, लाकडी बैलही त्याच शिस्तीत तपासत होता! प्रत्येकासमोर उकिडवे बसायचे, पाय चाचपायचे, तोंडाशी वाकायचे, मागे जाऊन शेपूट उचलून पाहायचे. पोरं श्वास रोखून उभी. तुफानपाशी ते खूप वेळ थांबले. वशिंड दाबून पाहिलं. (रुमालाची गुंडाळी!) "वशिंड बरं आहे," ते म्हणाले आणि पुढच्या पायाशी गेले. पुट्टीचा पाय त्यांनी दोन बोटांनी ठोकला. "खूर मजबूत." मग ते तोंडाशी वाकले आणि तिथेच अडकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुढे गेले.

मंदाही तोवर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली होती. "आपलाच पयला येते पाहा," ती म्हणाली. तिने माझ्या बाहीला धरलं होतं. मलाही वाटायला लागलं, की खरंच येवो बाप्पा पहिला. घोडा म्हणून नाही तर नाही, बैल म्हणून तरी!

डॉक्टर साहेबांनी माइक घेतला. पहिला नंबर कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांच्या पोराला गेला. दुसरा ओवीला. ओवी बैलासकट धावत सुटली, ट्रॉलीची चाकं खडखडली, बायकांनी टाळ्या पिटल्या. पण मंदाला हा अन्याय सहन होईना. तिने तिथूनच आवाज दिला, "डॉक्टर साहेब, आमच्या बैलात काय कमी होतं?"

डॉक्टर साहेबांनी घसा खाकरला.

"ताई, बैल फस्टक्लास आहे. शिंगं तं अशी, की मी खऱ्या बैलालेही पायली नाई. वशिंड, खूर, सारं बरोबर. पयला नंबर याचाच होता. पण एका गोष्टीपायी मार्क कापावे लागले." ते तुफानजवळ गेले आणि बोटाने दाखवलं. "कान. बैलाचे कान आडवे असतात, बाजूला पडलेले. इथं उभे केले. हे कान बैलाचे नाई. हे कान घोड्याचे वाटून राहिले."

मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटाच वाजवत होतो. मंदाने बाही सोडली, बोरकर भाऊ धावत आले. "भाऊ, पयला नंबर गेला न तुमचा! टाळ्या काहून वाजवून राहिले?"

मी काय सांगणार? ज्या एका शब्दासाठी मी वर्षानुवर्षं पुट्टी कालवली, तो शब्द शेवटी एका जाणकाराने, न विचारता, माइकवरून, अख्ख्या लेआउटसमोर उच्चारला होता. आणि त्याबद्दल माझे मार्क कापले होते.