बाबांचं गुलाबी डोक्याचं बदक

गुलाबी डोक्याचं बदक दिसलं असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. ते बदक कित्येक वर्षांत कोणालाच दिसलेलं नाही, संपलं असंच सगळे धरून चालतात. तरी हिवाळा आला की नागपुरात एखाद्याला ते हमखास दिसतं. असते ती मोठी लालसरी, तांबूस डोक्याचं नेहमीचं बदक. कोवळं ऊन तिच्या डोक्यावर पडलं की झालं, लागले फोन करायला!

रविवारी पक्षी बघायला जाणाऱ्या आमच्या गटाच्या नोंदींची यादी माझ्याकडे. तळ्यावर कोणी बोलायचं नाही, दिसलं ते आपापल्या वहीत लिहायचं आणि मग चहाच्या ठेल्यावर प्रत्येकानं वाचायचं, ही आमची पद्धत. उलटतपासणी मी करायची. नोंद पटली नाही तर त्या वहीतच लाल पेनानं काट मारायची. खडूस म्हणतात मला, म्हणोत.

त्या जानेवारीत एका रविवारी वाचायची पाळी बाबांची आली. माझेच वडील.

"गुलाबी डोक्याचं बदक, एक."

ठेल्यावर हशा पिकला. मी इतरांना विचारते तसंच त्यांनाही विचारलं. अंतर किती? ऊन कोणत्या बाजूनं? चोच कशी?

"चोच नाही सांगता येत वं. पण मले दिसलं."

"मग लालसरीच," म्हणत मी काट मारली.

घरी येताना स्कूटरवर मागून ते म्हणाले, "काहून वं, सगळ्यांसमोर?"

"नियम सगळ्यांना सारखा, बाबा."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दुर्बीण खुंटीवरच. मला घरात चैन पडेना. उगाच भांडी आपटायची, रात्री उठून पाणी प्यायचं, पुन्हा पुन्हा मनात तेच भांडण. माझंच बरोबर होतं ना? मग हे असं का होतंय? शेवटी त्यांना डोळे तपासायला नेलं. खरं सांगते, काळजीनं नाही, माझं म्हणणं खरं करायला नेलं.

डॉक्टरबाई बराच वेळ तपासत राहिल्या. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची गेलेली नजर आता परत येणार नव्हती, उजवा तेवढा औषधाच्या थेंबांवर टिकवायचा होता.

"धूसर कधीपासून दिसतंय?" त्यांनी विचारलं.

बाबा खाली बघत म्हणाले, "मी तं दर रविवारी लिहून राहिलो होतो."

घरी येऊन मी त्यांची वही काढली. गेल्या वर्षीचा मार्च. 'तळ्यावर धुकं. बगळे असावेत.' पुढच्या रविवारी, 'आजही धुकं.' त्याच्या पुढच्या रविवारी, 'धुकं फार. बदकं मोजता आली नाहीत.' तिन्ही ओळींवर माझी लाल काट होती. आणि पहिल्या ओळीशेजारी, माझ्याच अक्षरात: 'नागपुरात मार्चमध्ये धुकं? काहीही!'