सोयऱ्याच्या वाटेनं

दाजींना सरळ रस्ता पाठ होता, पण दुपारी पाळी सुटल्यावर त्या रस्त्यानं ते आम्हाला कधी आणत नसत. आम्हा पॅकिंगच्या बायकांना गाडीनं माण गावातून घोटावड्याजवळच्या कारखान्यात न्यायचं आणि परत आणून सोडायचं, एवढंच त्यांचं काम. सकाळी गाडी नाकासमोर जायची. दुपारी मात्र फाटा आला की डावीकडे वळायची आणि नदीच्या कडेनं, भातखाचरांमधून, कुठल्या कुठल्या वाड्यांना वळसे घालत निघायची.

त्यांची बायको माणची. म्हणून गाडीतल्या माणच्या बायका त्यांना दाजी म्हणत, आणि ऐकून ऐकून आम्ही बाहेरगावच्याही म्हणू लागलो. मी हिंगोलीकडची. इथं मला ना मामा ना मावशी. दाजी तेवढे आयते मिळाले. अंगानं किरकोळ, भर उन्हाळ्यातही कानाला मफलर.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना फार भ्यायले होते. नववीतून शाळा सुटलेली, घर सोडून पहिल्यांदाच एकटी राहिलेली. रस्त्याच्या खुणा लक्षात ठेव, असं आईनं बजावलेलं. म्हणून सकाळी जाताना वीटभट्टी, पेट्रोलपंप, देवीची कमान असं सगळं मनात घोकत गेले. येताना त्यातलं एकही दिसेना. बाकीच्या साऱ्या माना टाकून पडलेल्या.

"कुठं नेताय आम्हाला?" मी विचारलं. आवाज रडकाच निघाला असणार.

दाजींनी आरशातून पाहिलं. "सोयऱ्याच्या वाटेनं चाललोय. भिऊ नका ताई, माणलाच जातीया गाडी."

शेजारी शोभाताई होती, माणचीच. डोळे न उघडता म्हणाली, "झोप गं गुमान. दाजी रोजच फिरवून आणत्यात."

लांबच्या फेऱ्याला दाजींच्या वाडीत सोयऱ्याची वाट म्हणतात. पूर्वी बाजाराला पायी जाताना वाटेत सोयऱ्याचं गाव लागलं, की पाणी घ्या, चहा घ्या, टेका जरा, असं करता करता बाजार उठायची वेळ व्हायची. "ज्याला घाई हाय त्यानं सोयऱ्याच्या दारावरनं जाऊच न्हाई," असं दाजी सांगत.

आम्हाला घाई होती की नव्हती, कोण जाणे. पहाटे उठून पाणी भरायचं, पाळीभर उभ्यानं खोकी बांधायची, खोलीवर गेलं की धुणंभांडी. मला तर संध्याकाळी मेसमध्ये पोळ्याही लाटायच्या असत. सलग अशी झोप मिळायची ती त्या गाडीतच. दाजींनी ते कधीतरी आरशात बघितलं असणार. तेव्हापासून दुपारी रेडिओ बंद, हॉर्न बंद. म्हैस आडवी आली तर ते काच खाली करून हळूच म्हणत, "सरक बाय, मागं लेकी निजल्यात."

मी एकदा विचारलं, "दाजी, एवढं फिरण्यापेक्षा झाडाखाली गाडी उभी का करत नाही?"

"उभी ऱ्हायली की तुमी जाग्या व्हता. पाळण्याची दोरी सोडली की पोर उठतंय, तसंच हाय हे."

मग गाडीच्या ठेकेदारानं गाडीत यंत्र बसवलं. गाडी कुठं फिरते ते त्याला बसल्या जागी मोबाइलवर दिसायला लागलं. रस्ता सोडला तर घरी बसायचं, असं त्यानं दाजींना सांगितलं. शोभाताईनंही हात जोडले. "दाजी, आमच्यापायी पोटावर पाय आणू नका."

"कळतंय मला," दाजी म्हणाले आणि सरळ रस्त्यानं आणू लागले. आम्ही लवकर घरी पोचू लागलो. फायदा एवढाच, की भांडी लवकर घासून व्हायची.

अशाच एका दुपारी डोळा लागतो न लागतो तोच माण आलं. मी झोपेतच उतरले आणि तशीच चालू लागले, ती भरल्या डंपरच्या पुढ्यात. दाजींनी मागून धावत येऊन दंडाला धरून ओढलं. डंपर निघून गेला. ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी गाडीतली बाटली आणून मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर गाडी डावीकडे वळली.

"दाजी," शोभाताई म्हणाली, "यंत्र चालू हाय."

"असू दे की."

थोड्या वेळात त्यांचा फोन वाजायला लागला. त्यांनी तो मफलरात गुंडाळला आणि पायाशी ठेवला. गुरगुर तरीही ऐकू येत होती. हा आपला दाजींबरोबरचा शेवटचा फेरा, हे साऱ्यांना कळलं होतं. नदी आली, खाचरं आली. इतके महिने त्या वाटेनं आले, पण मी ती तेव्हा पहिल्यांदा नीट पाहत होते. साऱ्याच ताठ बसलेल्या.

दाजींनी आरशात पाहिलं. "झोपा की गं. तुमी जाग्याच ऱ्हायला तर ह्यो फेरा फुकट जायचा माझा."

शोभाताईनं पदर तोंडावर ओढला. मग एकेकीनं डोळे मिटले. मीही मिटले. माणपर्यंत एकीलाही झोप लागली नाही, पण डोळे कोणी उघडले नाहीत.